तिशीनंतर नीटची परीक्षा देताय? आधी सोबती शोधा

2022 पासून नीट यूजीला, म्हणजे एमबीबीएससारख्या कोर्सच्या प्रवेश परीक्षेला, वयाची वरची अट राहिली नाहीये, त्यामुळे या नादाला लागलेले तुम्ही काही एकटेच नाही. रिपीटर बॅचमधली पोरं अठरा-एकोणीसची, काका म्हणतील, म्हणू देत. आपल्यासारखे लोक वीकेंडच्या टेस्ट सिरीजला भेटतात, नर्सिंगवाले, फार्मसीवाले, नोकरी सांभाळून येणारे, तर पेपर सुटला की लगेच घरी पळू नका, चहाला थांबा आणि सरळ विचारा, "बायो कधी करता तुम्ही?" तीन-चार जण बास, मोठ्या ग्रुपवर नुसते कटऑफचे अंदाज आणि गुड मॉर्निंग. रात्री फोनवर एनसीईआरटीचा एकच धडा घेऊन एकमेकांना प्रश्न विचारायचे. फिजिक्स अडलं तर मात्र त्या पोरांनाच पकडा, त्यांचं ताजं असतं. पुढे राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडला, म्हणजे प्रवेशाच्या फेरीला, कॉलेजांचा क्रम लावताना हीच मंडळी कामाला येतात.