एमबीबीएस करताना नीट कसं जेवावं: ताटाआधी टाइमटेबल बघा

फर्स्ट इयरला बायोकेमिस्ट्रीत प्रथिनांचं चयापचय शिकून होतं, पुढे कम्युनिटी मेडिसिनमध्ये समतोल आहाराचे तक्ते पाठ होतात. तरीही त्याच मुलामुलींचं दुपारचं जेवण चार वाजता टपरीवर वडापाव आणि कटिंगवर उरकतं. माहिती कमी पडते म्हणून हे होत नाही. आठला लेक्चर, मग वॉर्ड, राउंड (सरांसोबत रुग्ण बघत फिरणं) लांबली की दीड-दोन वाजतात आणि तोवर मेसमधल्या भाजीचा तळ दिसू लागलेला असतो. भूक लागते तेव्हा जेवण नसतं आणि जेवण असतं तेव्हा सवड नसते. म्हणून ‘काय खावं’ याच्या आधी ‘कधी खायला मिळणार’ हे ठरवायचं. बाकीचं त्यानंतर बरंच सोपं होतं.

इथे मी हॉस्टेलवर राहणारा, मेसमध्ये जेवणारा, महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजातला विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला आहे. घरून ये-जा करणाऱ्यांना यातलं निम्मं काम घरच्यांच्या मदतीने होऊन जाईल.

हा विषय वजनाचा किंवा दिसण्याचा नाही. तुम्ही रोज मेडिसिनच्या आणि टीबीच्या वॉर्डात उभे राहता. शरीराचं पोषण नीट नसेल तर टीबीचा धोका वाढतो, हे तुम्हाला शिकवलेलंच आहे. झारखंडमध्ये ‘रेशन्स’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात टीबी रुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या दिल्या. या घरांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. निकाल २०२३ साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत आले. ती कुटुंबं तुमच्यापेक्षा खूप गरीब होती, हे खरं. पण तांदूळ आणि डाळ एवढ्यावर इतका फरक पडतो, हे रुग्णाला सांगणाऱ्याने आपल्या ताटातही पाहायला हवं.

पायरी १: आठवड्यातल्या रिकाम्या जागा शोधा

एका कागदावर सोमवार ते रविवार लिहा. प्रत्येक दिवशी लेक्चर, पोस्टिंग (वॉर्डात शिकण्याची पाळी), प्रॅक्टिकल आणि मेसच्या वेळा मांडा. आता सलग पाच तासांहून जास्त वेळ पोटात काही जाणार नाही अशा जागांभोवती गोल करा. बहुतेकांचे तीन गोल येतात: सकाळी उठल्यापासून राउंड संपेपर्यंतचा वेळ, दुपारचं प्रॅक्टिकल संपल्यापासून रात्रीच्या मेसपर्यंतचा वेळ, आणि रविवारची रात्र. रविवारी दुपारी फीस्ट (मेसचं खास जेवण) असते आणि रात्री मेस बंद. त्यामुळे दर रविवारी रात्री नऊला अख्खं हॉस्टेल मोबाइलवर ‘ट्रिपल शेजवान’ शोधत बसतं.

या तीन जागा भरल्या की आठवड्याचं बरंचसं काम झालं. मेसचं जेवण बेचव असलं तरी ते वेळेवर खाल्लं तर फार नुकसान करत नाही. उपाशीपोटी काढलेल्या तासांनंतर हाताला लागेल ते खाण्याने जास्त बिघडतं.

पायरी २: सकाळी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे

नाश्ता मेसमध्ये असेल तर लेक्चरच्या आधी वीस मिनिटं काढा. पोहे असतील तर वरून मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा मोड आलेले मूग घाला, लिंबू पिळा. उपमा असेल तर सोबत एक अंडं किंवा कप दूध घ्या. नुसते पोहे खाल्ले की दहा वाजताच भूक लागते. त्यात चूक पोह्यांची नाही, जोडीला प्रथिनं नसतात हे कारण आहे.

उठायलाच उशीर होत असेल तर सातूचं पीठ खोलीत ठेवा. भाजलेल्या गहू-डाळीचं पीठ, थोडा गूळ, दूध किंवा पाणी. ढवळलं की दोन मिनिटांत तयार. हे घरी सहज करून मिळतं, महिनाभर टिकतं आणि त्याला गॅस-शेगडी काही लागत नाही. दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे हाही पूर्ण मानाचा नाश्ता आहे.

सर्जरीची पोस्टिंग असेल त्या दिवशी तर नाश्ता टाळूच नका. ऑपरेशन थिएटरमध्ये पहिल्यांदा उभं राहिल्यावर चक्कर येऊन पडणारे विद्यार्थी प्रत्येक बॅचमध्ये असतात. रक्त पाहून मन कचरतं एवढंच त्याचं कारण नसतं. उपाशी पोट, कमी पाणी, मास्कमधला उकाडा आणि तासन्‌तास एका जागी उभं राहणं हे सगळं एकत्र येतं. आधी खाऊन, पाणी पिऊन गेलात तर हा धोका कमी होतो.

पायरी ३: प्रथिनांचा हिशेब सहा-सहा ग्रॅमने करा

आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज सुचवली आहेत. साठ किलोच्या माणसाला म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. मेसच्या पोळ्या आणि भातातून काही मिळतात, पण त्या पातळ पिवळ्या वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅमच असतात. बाकीची स्वतः जमवावी लागतात.

यासाठी पाठ करायचा आकडा एकच, सहा. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. एक कप, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात तेवढीच. तीस ग्रॅम फुटाण्यांत तेवढीच, शेंगदाण्यांत किंचित जास्त. मेसच्या जेवणाखेरीज दिवसाला असे चार घास जमवायचे. दोन अंडी, एक कप दूध आणि मूठभर फुटाणे घेतलेत तर काम झालं. अंडं खात नसाल तर त्या जागी पनीर, मटकीची उसळ किंवा मेसमधला दह्याचा जादा वाटा घ्या. प्रोटीन पावडरचा डबा घेण्याआधी हा हिशेब एकदा मांडून बघा. माझ्या मते बहुतेकांना त्या डब्याची गरज पडत नाही, आणि ते पैसे दूध-अंड्यांत कितीतरी जास्त दिवस पुरतात.

शाकाहारी असाल तर बी-१२ जीवनसत्त्वाकडे लक्ष ठेवा. ते धान्य-भाज्यांतून मिळत नाही. दूध-दही नियमित घ्या आणि हातापायांना मुंग्या येणं, सततचा थकवा अशी लक्षणं असतील तर तपासणी करा.

पायरी ४: मेसच्या ताटाला कच्चं काहीतरी जोडा

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. मेसमध्ये भाजी म्हणजे अर्धा बटाटा आणि वर तर्री, तिथून हा आकडा गाठणं अवघड. मग हॉस्टेलच्या गेटबाहेर जी भाजीवाली बसते तिच्याकडून आठवड्यातून दोनदा काकडी, गाजर, टोमॅटो, मुळा घ्या. सोबत एक सुरी आणि एक डबा. मेसला जाताना धुऊन, कापून न्या. चार जणांनी मिळून केलं तर प्रत्येकाची पाळी चार दिवसांनी येते आणि भाजीही वाया जात नाही.

फळ हंगामाचं घ्या. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं आणि तो स्वस्तही असतो. नागपूरकरांना हिवाळ्यात संत्र्यांची ददात नाही, त्यांनी ती खुशाल खावीत.

वरणावर लिंबू पिळायची सवय ठेवा. डाळी-पालेभाज्यांतलं लोह क जीवनसत्त्वामुळे जास्त शोषलं जातं, आणि जेवणाला लागून घेतलेल्या चहामुळे कमी. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. मुलींनी हे विशेष पाळावं. आयसीएमआरने प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम लोह सुचवलं आहे, पुरुषासाठी १९. एवढं मेसच्या ताटातून येणं कठीण असतं. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन बघा. तुमच्याच कॉलेजच्या लॅबमध्ये ते होतं. कमी निघालं तर स्वतःच गोळ्या सुरू करू नका, मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा.

पायरी ५: बॅगेत ‘चार वाजताचा डबा’

हा लहान डबा म्हणजे दुपारनंतरच्या गोलाचं उत्तर. फुटाणे, शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, घरून आलेला डिंकाचा किंवा मेथीचा लाडू, कोरडं भडंग. यातलं काहीही चालेल. अट एकच, ते उन्हात बॅगेत राहिलं तरी खराब होता कामा नये. रविवारी दुपारी, फीस्टनंतर, आठवड्याचा डबा भरून ठेवा.

घरून डबा आणणाऱ्यांनी मायक्रोबायोलॉजी आठवावी. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू तग धरून राहतात आणि उबदार हवेत वाढतात. सकाळी सातला भरलेला भात दुपारी दोनला, तोही एप्रिलमध्ये, खाऊ नये. पोळी आणि कोरडी भाजी बरी. सोबत शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळ्याची चटणी.

खाण्याआधी एप्रन (पांढरा कोट) उतरवून ठेवा आणि हात साबणाने धुवा. वॉर्डातून किंवा डिसेक्शन हॉलमधून थेट कॅन्टीनला जाऊन तसाच समोसा उचलणं ही सवय पहिल्याच महिन्यात मोडायला हवी.

पायरी ६: चहा मोजा, पाणी प्या

चहा सोडा असं मी सांगणार नाही. टपरीवरचा चहा म्हणजे दिवसभरातली मित्रांशी बोलण्याची एकमेव वेळ असते कित्येकांची. पण दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. टपरीवाल्याला ‘साखर कमी’ सांगितलं तर तो देतो. दोन-तीन आठवड्यांत जीभ रुळते.

पाण्याबद्दल एक गंभीर गोष्ट. अनेक मुली पोस्टिंगच्या दिवशी पाणीच पीत नाहीत, कारण वॉर्डाजवळ वापरण्याजोगं स्वच्छतागृह नसतं. याने डोकं दुखतं आणि लघवीचा जंतुसंसर्ग होतो. आपल्या मजल्यावर किंवा कॉलेजच्या इमारतीत जवळचं चांगलं स्वच्छतागृह कुठे आहे, हे पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी सीनियर मुलींना विचारून घ्या. ते नसेल तर बॅचने मिळून लेखी मागणी करा. ही मागणी करण्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

पायरी ७: नाइट आणि परीक्षा

नाइट ड्यूटी असेल तेव्हा मुख्य जेवण ड्यूटीवर जाण्याआधीच घ्या. रात्री बारा-एकच्या सुमारास थोडं काही: दही-पोळी, केळं, उकडलेलं अंडं. दोन ते पाचच्या मध्ये भरपेट बिर्याणी नको. त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही आणि झोपही जास्त अनावर होते. कॅफिनचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं निम्मं कॅफिन निघून जायला लागणारा वेळ, साधारण पाच तासांचं, त्यामुळे सकाळी नऊला झोपायचं असेल तर शेवटची कॉफी रात्री दोनच्या आत. सकाळी उपाशी झोपू नका, हलका नाश्ता करून झोपा.

परीक्षेच्या दिवसांत रात्री एकला मॅगी होणारच. ती करताना मसाल्याची पुडी अर्धी घाला, कारण मीठ बहुतेक तिच्यातच असतं. वर मटार, गाजर आणि एक अंडं सोडा. हॉस्टेलवर इंडक्शनला बंदी असेल तर नियम मोडू नका. एग बॉयलर किंवा किटली चालते का हे वॉर्डनला विचारा. बाहेरून मागवायचंच असेल तर दाल-खिचडी, इडली, भुर्जी-पोळी मागवा.

चतुर्थी, एकादशी, नवरात्र पाळत असाल तर साबुदाण्यावर दिवस काढू नका, त्यात जवळपास सगळा स्टार्च असतो. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दही, फळं घ्या. लांबलचक इमर्जन्सी ड्यूटी असेल त्या दिवशी निर्जळी उपवास धरू नये, हे मी अगदी स्पष्टपणे म्हणेन.

पायरी ८: मेस बदलायला लावा

वरचं सगळं एकट्याने करत बसण्यापेक्षा मेस बदलायला लावण्याचं काम मोठं आहे आणि बहुतेक विद्यार्थी त्याच्या वाटेला जात नाहीत. मेस सेक्रेटरी तुमच्यातूनच निवडलेला असतो. महिन्याच्या बैठकीला जा आणि एका वेळी एकच मागणी ठेवा. पहिली मागणी उसळीची असू दे: आठवड्यातून तीन दिवस मटकी, चवळी, मसूर किंवा हरभरा. कंत्राटदाराला ती बटाट्याच्या भाजीपेक्षा फार महाग पडत नाही, म्हणून ती मान्य होण्याची शक्यता जास्त. मग उशिरा येणाऱ्यांसाठी ताट झाकून ठेवण्याची सोय मागा. पोस्टिंगवरून येणाऱ्यांची नावं सकाळी वहीत लिहायची आणि तेवढी ताटं बाजूला काढायची, एवढंच. त्यानंतर रविवारच्या रात्रीचा प्रश्न काढा. साधी खिचडी-कढी ठेवायला कोणी तयार होतो का, ते विचारा.

आणि एखादा रूममेट सतत जेवण टाळत असेल, कपडे ढिले होत चालले असतील, किंवा कुणी रात्री एकटं बसून पोट दुखेपर्यंत खात असेल, तर आहाराचा सल्ला देत बसू नका. त्याच्यासोबत मानसोपचार विभागाच्या ओपीडीपर्यंत चालत जा.