सायन्स स्पर्धेचे मार्क स्प्रेडशीटमध्ये भरताय? मग या चुका टाळा

सेलमध्ये एरर दिसली तर ती चूक परवडली, कारण ती कुणाच्या तरी डोळ्यांत खुपते आणि लगेच दुरुस्त होते. घात करते ती गप्प बसलेली चूक. आकडा येतो, बरोबरच वाटतो, रँक लागते, स्टेजवर नाव पुकारलं जातं आणि चौथ्या आलेल्या टीमला कधीच कळत नाही की मेडल खरंतर त्यांचं होतं. मुलांनी महिनोन्महिने तयारी केलेली असते हो, त्यांचे मार्क आपल्या फॉर्म्युल्यात हरवता कामा नयेत. म्हणून खाली मुद्दाम अशा गप्प बसणाऱ्या चुकाच जास्त घेतल्यात.

रिकामा सेल आणि शून्य एकच समजणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. टीम आलीच नाही, टीम आली पण शून्य मिळालं, आणि पेपर तपासलाय पण मार्क अजून भरायचे राहिलेत, या तीन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, पण शीटमध्ये तिन्हीकडे रिकामा सेल सोडला की नंतर कुणालाच काही सांगता येत नाही. ॲव्हरेज फंक्शन रिकामे सेल सोडून देतं आणि शून्य मात्र धरतं, त्यामुळे एकाच पेपरची सरासरी दोन प्रकारे येऊ शकते.

ज्या स्पर्धेत टीमचा प्रत्येक पेपरमध्ये कितवा नंबर आला ते आकडे घेऊन त्यांची बेरीज करतात आणि सगळ्यात कमी बेरीजवाला जिंकतो तिथे तर फारच गोंधळ होतो. गैरहजर टीमचा सेल रिकामा, म्हणजे बेरजेत काहीच मिळालं नाही, म्हणजे न आलेली टीम वर! आणि तिथे 'गैरहजर' असं टाइप केलं तरी सुटका नाही, कारण सम फंक्शन मजकूर सोडूनच देतं. त्यामुळे गैरहजर टीमला किती पॉइंट द्यायचे (बऱ्याचदा शेवटच्या नंबरपेक्षा एक जास्त देतात, पण तुमच्या नियमावलीत काय लिहिलंय ते बघा) हे इफ (अट तपासून निकाल देणारं फंक्शन) वापरून फॉर्म्युल्यातच बसवा. आणि नियम असा ठेवा की एंट्री पूर्ण झाल्यावर एकही सेल रिकामा राहणार नाही, काउंटब्लँक (रिकामे सेल मोजणारं फंक्शन) लावून तो आकडा वर मोठ्या अक्षरात दिसू द्या.

ऑब्जेक्टिव्ह पेपर शीटवरच तपासत असाल तर अजून एक बघा. मुलाचं उत्तर आणि आन्सर की (बरोबर उत्तरांची यादी) एवढंच इफने ताडून बघितलं तर आन्सर कीमधला सेल चुकून रिकामा राहिल्यावर ज्यांनी तो प्रश्न सोडलाय त्या सगळ्यांना मार्क मिळतात, कारण रिकामं बरोबर रिकामं हे एक्सेल आणि गूगल शीट्स दोघांनाही खरंच वाटतं.

एरर नको म्हणून इफएररमध्ये शून्य टाकणं

शीट स्वच्छ दिसावी म्हणून लोक व्हीलुकअपभोवती (दुसऱ्या शीटवरून जुळणाऱ्या टीमचे मार्क शोधून आणणारं फंक्शन) इफएरर गुंडाळतात आणि एरर आली तर शून्य दाखव म्हणतात. मग होतं काय, एका शीटवर टीम नंबर '०७' असा मजकूर आहे, दुसरीकडे ७ हा आकडा आहे, दोन्ही जुळत नाहीत आणि चांगला पेपर लिहिलेल्या टीमला गुपचूप शून्य. शून्याऐवजी 'तपासा' असा शब्द येऊ द्या आणि कंडिशनल फॉरमॅटिंगने (अट लागू झाली की सेलचा रंग बदलणारी सोय) तो सेल लाल करा, आणि एकही 'तपासा' शिल्लक असेपर्यंत रँक लावायला घेऊ नका. टीम नंबरचा कॉलम एंट्रीच्या आधीच प्लेन टेक्स्ट करा म्हणजे पुढचं शून्य जात नाही (सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराची फाइल, थेट डबल क्लिक करून उघडली तरी जातं, ती इम्पोर्ट करा आणि तेव्हा तो कॉलम टेक्स्ट निवडा).

व्हीलुकअपचा चौथा भाग गाळला तर ते जवळपासची किंमत शोधायला लागतं आणि दुसऱ्याच टीमचे मार्क बिनदिक्कत आणून ठेवतं. तिथे फॉल्स लिहायचंच.

अर्धा मार्क आणि तारीख

अर्ध्या मार्कासाठी कुणी १/२ टाइप केलं की ती तारीख होते. तारीख आतून एक आकडा असते, हल्लीच्या तारखांचा ४५,००० च्या वर, त्यामुळे टोटल अचानक हजारांत गेली तर आधी हेच शोधा. ही तारखेची खोड एवढी जुनी आणि चिवट आहे की मानवी जीन्सना (जनुकांना) नावं देणाऱ्या समितीने 'मार्च१', 'सेप्ट१' अशी नावंच बदलली आणि २०२० मध्ये तसं जाहीर केलं. आपण निदान डेटा व्हॅलिडेशन (सेलमध्ये काय भरता येईल यावर मर्यादा) तरी लावूया, शून्य ते त्या प्रश्नाचे कमाल मार्क, बाकी काहीही घ्यायचं नाही. १० पैकी ७ ऐवजी ७७ टाइप होणंही तिथेच थांबतं.

आकडा सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेला दिसला तर तो बहुधा मजकूर झालाय आणि बेरजेत येत नाहीये. उत्तरांच्या अक्षरापुढे एखादी स्पेस राहिली तरी ते चूक धरलं जातं, त्याला ट्रिम (जादा स्पेस काढणारं फंक्शन) हा उपाय.

टाय आणि दशांश

निगेटिव्ह मार्किंग एक तृतीयांश असेल तर ०.३३ लिहू नका, उणे १ भागिले ३ असंच लिहा. नाहीतर तीन चुकलेल्या उत्तरांचे ०.९९ कापले जातात आणि जिथे खरं तर टाय आहे तिथे एक टीम पुढे जाते. उलट बाजूही आहे, सेलमध्ये दोनच दशांश दिसतात म्हणून किंमत तेवढीच असते असं नाही, स्क्रीनवर दोघांचे ७१.३३ आणि रँक मात्र वेगळी असं होतं. म्हणून रँकच्या आधी टोटलला राउंड लावा.

टायब्रेकर, म्हणजे टाय झाल्यावर पुढचा कोण ते ठरवणारे, कुठले प्रश्न ते पेपरच्या आधीच ठरलेलं पाहिजे आणि त्यांचा वेगळा कॉलम पाहिजे. मग काउंटइफ्सने (अटींत बसणाऱ्या ओळी मोजणारं फंक्शन) मोजा, माझ्यापेक्षा जास्त टोटलवाल्या टीम किती, अधिक टोटल सारखी पण टायब्रेकर जास्त अशा किती, अधिक एक. टोटलमध्ये टायब्रेकरचा छोटासा अपूर्णांक मिळवायची युक्तीही चालते, पण तो अपूर्णांक मार्काच्या सगळ्यात लहान फरकापेक्षा लहानच राहील याची खात्री करा.

सॉर्ट

फक्त टोटलचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट केलं की नावं जागेवर आणि मार्क दुसऱ्याचे. एक्सेल सिलेक्शन वाढवू का असं विचारतं, घाईत लोक नाही म्हणतात. गूगल शीट्सवर चौघं एकाच वेळी मार्क भरत असताना पाचव्याने सॉर्ट केलं तर आपण कुठल्या ओळीत लिहितोय तेच बदलतं. एंट्रीच्या शीटवर सॉर्ट करायचंच नाही, रिझल्टसाठी वेगळी शीट ठेवा.

सुरू करायच्या आधी आणि जाहीर करायच्या आधी

पहिल्या ओळीत प्रत्येक प्रश्नाचे कमाल मार्क लिहा आणि तिलाही तोच टोटलचा फॉर्म्युला लावा. पेपर १०० चा असेल आणि तिथे ९४ आले तर कुठला तरी प्रश्न बेरजेतून सुटलाय, एकही पेपर तपासायच्या आधी कळलं. एखादा प्रश्न आक्षेपानंतर रद्द झाला तर तो बदलही कमाल मार्क आणि की यांतच करा, टीमच्या ओळीत जाऊन हाताने मार्क वाढवू नका.

माणसं असतील तर दोघांनी वेगवेगळ्या शीटवर मार्क भरावेत आणि तिसऱ्या शीटवर फरक काढावा. माणसं कमी असतील तर निदान मेडलवाल्या आणि त्यांच्या खालच्या दोनतीन टीमचे कागदी पेपर काढून हाताने बेरीज करा. खालच्या टीम विसरायच्या नाहीत, कारण मार्क हरवलेली टीम तिथेच सापडते. फरक निघाला तर ती एकच ओळ दुरुस्त करून पुढे जाऊ नका, त्याच कारणाने अजून कुणाचं गेलंय का ते पूर्ण कॉलममध्ये बघा, मग रिझल्टची शीट फक्त व्हॅल्यूज (फॉर्म्युल्यांशिवाय नुसते आकडे) पेस्ट करून लॉक करा आणि तीच घोषणा करणाऱ्याकडे द्या.