काश्मीर टूरला शालिमार बाग नीट कशी बघायची

मे महिन्यात कोल्हापुरातनं काश्मीरला टूर भरभरून जातात आणि श्रीनगरच्या शालिमार-निशात या दोन्ही मोगल बागा एकाच दुपारी उरकल्या जातात, त्यातला निम्मा वेळ काश्मिरी ड्रेस घालून फोटो काढण्यात. निदान शालिमार तरी सावकाश बघा. जहांगीर बादशहानं १६१९ मध्ये नूरजहानसाठी ती करायला घेतली, काम बघायला शहजादा खुर्रम म्हणजे पुढचा शहाजहान होता, आणि नंतर त्याच्याच काळात, १६३० च्या सुमारास, तिथला सुभेदार जफरखान यानं ती वाढवली.

बघायची पद्धत एकच, पाण्याच्या उलट दिशेनं चालायचं. बागेच्या मधोमध पाट आहे, त्याच्या कडेकडेनं वर चढत जायचं, आधीच फुलांच्या वाफ्यात शिरायचं नाही. पाणी येतं वरच्या हारवनकडनं. आपल्याकडं उसाला वरच्या अंगानं पाट काढून रानात पाणी खेळवतात ना, तसंच, बाग उतारावर टप्प्याटप्प्यानं बांधल्यामुळं पाणी आपोआप खाली यायचं आणि त्याच दाबावर कारंजी उडायची, मोटर नाही पंप नाही.

पहिला टप्पा दिवाण-ए-आम, लोकांना इथपर्यंतच यायला मिळायचं. इथं पाण्याच्या वरच काळ्या दगडाचं सिंहासन आहे, बादशहा बसणार आणि खालनं पाणी वाहणार! दुसरा दिवाण-ए-खास, दरबारातल्या मोजक्यांसाठी, तिथली इमारत गेली, चौथरा उरलाय. तिसरा जनाना, राजघराण्यातल्या बायकांचा. म्हणजे जितकं वर तितकी माणसं कमी, आता तिकीट काढून कुणीही जाऊ शकतं तर टेकत टेकत का होईना आजी-आजोबांनाही वरपर्यंत न्या.

वर पाणी जिथं पडतं तिथं थांबाच. धारेच्या मागच्या भिंतीत लहान लहान कमानीदार कोनाडे ओळीनं केलेत, त्याला चिनीखाना म्हणतात. त्यात दिवसा फुलं आणि रात्री दिवे ठेवायचे, पडत्या पाण्यामागनं तो उजेड कसा दिसत असेल! मग शहाजहानच्या वेळची काळ्या दगडाची बारादरी, म्हणजे चारी बाजूंनी मोकळा मंडप, भोवतीनं कारंजी. तिथनं मागं वळून खाली बघा, सगळी बाग एका रेषेत दल सरोवराकडं उतरताना दिसते, पूर्वी त्याच बाजूनं कालव्यातनं नावेत बसून यायचे.

निशात नंतर करा, ती नूरजहानच्या भावाची, आसफखानची, १२ टप्प्यांची आणि थेट दलच्या काठावर. आणि बुकिंग करतानाच टूरवाल्यांना विचारा शालिमारला किती वेळ देणार, दीड तासाच्या खाली ऐकू नका.