वैतागून डेस्कटॉप बदलताय? आधी एक नवं खातं उघडा

लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. अपडेट झालं, संगणक पुन्हा सुरू केला आणि पॅनेल भलतीकडेच. रोजचं एक्स्टेंशन (डेस्कटॉपला जोडलेली छोटी सोय) चालेना, विंडो लहान करायचं बटण सापडेना. मग वाटतं, हे सगळं उपटून टाकू आणि दुसरा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणीच, बसवू. जरूर बसवा. पण त्याच रागात आणि आपल्या रोजच्या खात्यात नको. मी नेमकं तेच केलं होतं. एका रात्रीत तीन डेस्कटॉप टाकले आणि सकाळी तिन्हींची सरमिसळ समोर होती. आयकॉन एकाचे, फाँट दुसऱ्याचे, आणि पासवर्ड साठवणारी पण वायफायचा पासवर्ड दर वेळी नव्याने मागणारी तिजोरी तिसऱ्याची. ते निस्तरायला पुढचा सगळा दिवस गेला.

दोष नक्की कुणाचा?

डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे पॅनेल, मेनू, विंडो सांभाळणारा प्रोग्रॅम, फाइल मॅनेजर आणि सेटिंग्ज एवढंच. त्याखालचा कर्नल (सिस्टिमचा गाभा), ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम) आणि तुमचा ब्राउझर तोच राहतो. म्हणून त्रास कशाचा होतोय ते आधी कागदावर लिहा. ‘संगणक मंद आहे’ असं लिहिलंत तर सिस्टिम मॉनिटर उघडून मेमरी कोण खातंय ते बघा. बहुधा ब्राउझरच वरच्या क्रमांकावर दिसेल, आणि तो नव्या डेस्कटॉपमध्येही तेवढंच खाणार. स्क्रीन फाटल्यासारखी दिसते, झाकण उघडल्यावर लॅपटॉप जागा होत नाही, अशा तक्रारींचं मूळ अनेकदा ड्रायव्हरमध्ये असतं. लॉगिनच्या वेळी वेलँड आणि एक्स११ (पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या दोन पद्धती) असे दोन पर्याय मिळत असतील तर त्याच डेस्कटॉपचं दुसरं सेशन एकदा वापरून बघा. कधीकधी तेवढ्यानेच काम होतं.

पण ‘यात काम करण्याची पद्धतच मला पटत नाही’ असं लिहिलं असेल, तर मात्र डेस्कटॉप बदलणं हाच खरा उपाय.

निवड

केडीई आणि ग्नोम हे लिनक्सवरचे दोन मोठे डेस्कटॉप. केडीईची घोषणा १९९६ची, ग्नोमची १९९७ची. दोघांचा स्वभाव सुरुवातीला नव्हता इतका आज वेगळा आहे. ग्नोम मोजकेच पर्याय देतो आणि आपल्या पद्धतीने काम करायला लावतो. केडीईच्या प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये जवळजवळ प्रत्येक गोष्ट हलवता येते, पण त्या सेटिंग्जमध्ये तासन्‌तास हरवायलाही होतं. २०११ साली ग्नोम ३ आला आणि खाली खिडक्यांची यादी दाखवणारी जुनी मांडणी गेली. त्या नाराजीतून मॅटे आणि सिनॅमन हे डेस्कटॉप उभे राहिले. जुनी मांडणीच हवी असणाऱ्यांनी आजही आधी हे दोन बघावेत. लिनक्सचे जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्स त्या वर्षी ग्नोमवर उघड टीका करून एक्सएफसीई या आणखी एका डेस्कटॉपकडे गेले, आणि पुढे ग्नोमकडे परतलेही. परतीची वाट मोकळी ठेवायची ती याचसाठी.

सततच्या बदलांनीच जीव मेटाकुटीला आला असेल तर माझं मत सरळ एक्सएफसीईला. ४.१६ ही आवृत्ती डिसेंबर २०२०मध्ये आली, ४.१८ डिसेंबर २०२२मध्ये आणि ४.२० डिसेंबर २०२४मध्ये. उलट ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, आणि दर वेळी एखादं एक्स्टेंशन बंद पडायची धास्ती असते.

आता प्रत्यक्ष काम

१. टाइमशिफ्टसारख्या साधनाने सिस्टिमचा स्नॅपशॉट (आहे त्या स्थितीची प्रत) घ्या. त्यात तुमचा होम फोल्डर सहसा नसतो, म्हणून कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर वेगळे कॉपी करा.

२. नवा डेस्कटॉप लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून, तासभर वापरा. मांडणी पटते का तेवढंच बघायचं. यूएसबी मुळातच हळू असते, त्यामुळे वेगाचा निवाडा इथे करू नका.

३. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘चाचणी’ नावाचं नवं वापरकर्ता खातं उघडा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारीही हीच. एका मशीनवर दोन डेस्कटॉप शेजारी शेजारी सुखाने राहतात. गोंधळ होतो तो तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइलींत. थीम, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम, कुठली फाइल कशात उघडायची, हे बरंचसं एकाच लपलेल्या ‘डॉट कॉन्फिग’ फोल्डरमध्ये असतं आणि दोन्ही डेस्कटॉप तिथेच लिहितात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की तो फोल्डर दिसतो. खातं वेगळं असलं की तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही.

४. डेस्कटॉप इन्स्टॉल करा. उबुंटूवर कुबुंटू-डेस्कटॉप किंवा झुबुंटू-डेस्कटॉप या पॅकेजमधून सगळा संच येतो, डेबियनवर टास्कसेल या साधनात नुसती खूण करायची असते. मध्येच ‘डिस्प्ले मॅनेजर कोणता?’ असा प्रश्न येऊ शकतो. हा लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम. आधीचा नीट चालतोय, तेव्हा तोच ठेवा.

५. लॉगआउट करून चाचणीचं खातं निवडा. ग्नोमच्या लॉगिन पडद्यावर नाव निवडल्यावर खाली उजवीकडे दातेरी चक्र दिसतं, इतर ठिकाणी सेशनची यादी बहुधा एखाद्या कोपऱ्यात असते. तिथून नवा डेस्कटॉप निवडा आणि मगच पासवर्ड टाका.

६. दोन आठवडे रोजचं काम या खात्यातून करा. प्रिंटर, ब्लूटूथ हेडफोन, दुसरा मॉनिटर, व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन दाखवणं, हे सगळं तपासा. देवनागरी टायपिंग पहिल्याच दिवशी तपासा. ग्नोममध्ये आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्रॅम) आतच जोडलेलं असतं, प्लाझ्माच्या वेलँड सेशनमध्ये मात्र सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या पानावर ते स्वतः निवडावं लागू शकतं.

मुख्य खात्यात येताना

दोन आठवड्यांनंतरही मन त्याच डेस्कटॉपवर असेल तर मुख्य खात्यात या. त्याआधी डॉट कॉन्फिग आणि डॉट लोकल या फोल्डरांची प्रत काढून ठेवा. काही बिनसलं तर ती परत जागेवर ठेवता येते. पासवर्ड ठेवायची तिजोरी ग्नोमची वेगळी आणि केडीईची वेगळी, त्यामुळे सुरुवातीला काही पासवर्ड पुन्हा टाकावे लागतील.

जुना डेस्कटॉप काढायची घाई नको. डिस्कवरची थोडी जागा आणि मेनूतले दोन-दोन टेक्स्ट एडिटर, एवढाच त्याचा त्रास. काढायचाच असेल तर ‘हो’ म्हणण्याआधी निघणाऱ्या पॅकेजची यादी शेवटपर्यंत वाचा. त्यात नेटवर्क मॅनेजर किंवा चालू डिस्प्ले मॅनेजर दिसला तर तिथेच थांबा. डिस्प्ले मॅनेजर गेला की पुढच्या वेळी लॉगिनचा पडदाच येत नाही. तसं झालंच तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर साधं लॉगिन येईल, तिथून तेच पॅकेज पुन्हा बसवता येतं.

चाचणीचं खातं मात्र राहू द्या. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर काही बिघडलं तर आधी तिथे शिरून बघा. तिथे सगळं ठीक चालत असेल तर दोष तुमच्या सेटिंगच्या फाइलींत आहे, आणि तिथेही तेच दिसलं तर तो अपडेटमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये शोधा.