कोरीडोरास पकडताना जाळी नको, डबा घ्या

टँक बदलताना किंवा आजारी मासा वेगळा काढताना हात आपोआप जाळीकडे जातो. कोरीडोरासच्या बाबतीत तो आवरा. दक्षिण अमेरिकेतला हा चिलखती मासा दिसायला गरीब, पण पाठीवरच्या आणि छातीजवळच्या दोन्ही परांच्या पुढच्या कडेला टणक, टोकदार काटा असतो. घाबरला की तो हे काटे ताठ करून अडकवून ठेवतो. मोठ्या माशाच्या घशात अडकायला बनलेली ही सोय जाळीच्या धाग्यांतही तितकीच घट्ट रुतते.

त्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकचा डबा तळाशी आडवा धरा आणि दुसऱ्या हाताने, किंवा जाळीच्या दांड्याने, माशाला सावकाश आत हाका. घाई केलीत तर तो सगळी वाळू उडवून झाडांमागे गुडूप होणार. डबा पाण्यासकटच उचला.

तरी जाळीत अडकलाच तर ओढू नका. काटा मोडतो, कातडी फाटते. जाळी पाण्यातच राहू द्या, थोडा वेळ थांबा. बऱ्याचदा तो शांत झाला की काटे मिटतो. नाहीच सुटला तर काट्याभोवतीचे धागे बारीक कात्रीने कापा. जाळी नवी मिळते.

हातानेही धरू नका, काटा टोचला तर बराच वेळ ठणकतं. लांब न्यायचा असेल तर पिशवी दुहेरी करा. एकेरी पिशवीला हे काटे सहज भोक पाडतात.