बसावंसं वाटेल अशी बैठक कशी भरवावी

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्याकडं सोयाबीनवर गोगलगायी पडल्या. त्या साली लातूर, धाराशिव, बीड, बऱ्याच भागात हाच ताप होता. दोन पानांवर आलेलं रोप रात्रीतून गायब व्हायचं, सकाळी नुसते देठ उभे. मारुतीच्या पारावर रोज संध्याकाळी तोच विषय. बियाणं खराब आलं, हवा बिघडली, सरकार झोपलंय, पंचनाम्याला कुणी फिरकेना. पंधरा दिवस हे बोलून माणसं घरी जायची आणि गोगलगायी आपल्या कामाला लागायच्या. एका संध्याकाळी रस्त्यानं चाललेल्या एक मावशी थांबल्या नि म्हणाल्या, “आवं, पण त्या निघतात किती वाजता?”

कुणालाच सांगता येईना. रात्री शेतात जाऊन कुणी पाहिलंच नव्हतं. त्या रात्री चार-पाच जण बॅटऱ्या घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी पारावर पहिल्यांदा कामाचं बोलणं झालं. दिवसा बांधाच्या गवतात नि काडीकचऱ्याखाली दडतात, अंधार पडला की निघतात, बांधाकडच्या तासांत जास्त असतात. मग गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती कुठं टाकायची, सकाळी किती वाजता उचलायची, गोळा केलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकताना हातमोजे कुठून आणायचे, हे प्रश्न आपोआप निघत गेले. पोत्याचा उपाय कृषी विभागानं आधीच सांगितला होता. आमच्यापर्यंत तो कागदानं आला होता, बोलण्यातून आला नव्हता.

तेव्हापासून आमच्या गावात महिन्यातून एकदा ठरवून बैठक बसते. मधे ती दोनदा मोडली, एकदा भांडणानं आणि एकदा माझ्यामुळं. तुमच्या गावात, गल्लीत किंवा वाचनालयात अशी बैठक सुरू करायची असेल, तर आम्हाला जे ठेचा खाऊन कळलं ते इथं क्रमानं लिहितो.

दिवस आधी ठरवा, जागा मग

दिवस हलता ठेवू नका. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचं चर्चासत्र भरतं. तारीख पक्की असली की निरोप धाडावा लागत नाही. आम्ही आधी ‘सवड बघून’ बसायचो. सवड कुणालाच नसायची. आता अमावास्येनंतरचा पहिला रविवार धरलाय. बाजाराचा वार टाळा. शेतीपंपाची थ्री फेज लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात अर्धं गाव मोटारीपाशी असतं, तेही बघा.

जागेचं सांगायचं तर पार टाळा. पारावर बाया बसत नाहीत, एवढं एक कारण पुरे आहे. गोगलगायींचा तो प्रश्न मावशींनी रस्त्यात उभं राहून विचारला होता, हे मला बऱ्याच उशिरा खटकलं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, अशी कायद्यातच तरतूद आहे, ती उगीच नाही. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात गेलो आणि बैठकीला येणाऱ्या बाया शून्यावरून सातवर गेल्या. खुर्च्या मात्र लावू नका. खुर्च्या आल्या की पहिली रांग आली, आणि पहिली रांग आली की सत्कार आला.

माणसं किती हवीत? ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. आपल्याला पाच पुरतात. तीसच्या वर गेली तर दोन घोळके करा.

प्रश्न एका दमात विचारता यावा

सगळ्यांत जास्त वेळ इथं घालवा. आमच्या फसलेल्या बैठका मी वहीत चाळून पाहिल्या. त्यातल्या बहुतेकींचा विषय ‘शेतीची दुरवस्था’, ‘तरुण पिढी’, ‘पाणीप्रश्न’ असा होता. असल्या विषयावर प्रत्येकाला बोलता येतं, आणि कुणालाच काही सांगता येत नाही.

प्रश्न असा हवा की बसलेल्यांपैकी निदान एकाला त्याचं उत्तर स्वतःच्या घरातून, रानातून किंवा धंद्यातून देता यावं. ‘सोयाबीनला भाव का नाही?’ यावर रात्रभर बोला, सकाळी भाव तोच असतो. ‘आपला माल मोंढ्यावर नेला तेव्हा ओलावा किती लागला आणि क्विंटलमागं किती कापले?’ असं विचारलं की पाच जण घरी जाऊन आडत्यानं दिलेल्या हिशोबाच्या पट्ट्या शोधतात. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता आणि हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, असा निकष. हे दोन आकडे फळ्यावर लिहिले आणि शेजारी प्रत्येकाच्या पट्टीवरचा आकडा लिहिला. माल दोन दिवस जास्त वाळवणाऱ्याला किती फरक पडला, हे न बोलताच दिसलं. आडत्याला शिव्या घालण्यात जाणारा अर्धा तास वाचला. (शिव्या झाल्या, पण दहा मिनिटांत आटोपल्या.)

प्रश्न आठ दिवस आधी दुकानाच्या फळीवर खडूनं लिहा. माणसं येताना काहीतरी घेऊन येतात.

प्रश्न विचारणाऱ्यानं आधी काय करून पाहिलं, तेही त्यानंच सांगावं. “माझी तूर पिवळी पडतीय, काय करू?” असं कुणी म्हणालं की दहा जण दहा औषधं सांगतात. “खालच्या तुकड्यात पाणी तुंबतं, तिथंच पिवळी पडतीय, माळावरची हिरवी आहे, फवारणी केलेली नाही,” असं म्हणाला, तर सांगणाराही जपून बोलतो.

आकडा आला की तो कशाचा ते विचारा

एका उन्हाळ्यात आमच्याकडं दोघांची जुंपली. जायकवाडीत पाणी किती मावतं? एक म्हणे १०२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), दुसरा म्हणे ७६. दोघांनी मोबाइल काढले, दोघांनाही आपापला आकडा सापडला, आवाज चढले. खरं तर दोघंही बरोबर होते. धरणाचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला सुमारे २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, दारांतून सोडता न येणारं पाणी, आणि उरतो तो सुमारे ७६ टीएमसी जिवंत साठा. बातमीत येणारी टक्केवारी या जिवंत साठ्याची असते. म्हणून ‘जायकवाडी शून्यावर’ असं छापून येतं तेव्हाही नाथसागरात, म्हणजे त्याच धरणाच्या जलाशयात, पाणी दिसतं, आणि माणसाला वाटतं पेपरवाला खोटं बोलतोय.

तेव्हापासून आमच्यात एक सवय पडली. कुणी काही ठामपणे सांगितलं की शेजारचा विचारतो, “पाहिलेलं की ऐकलेलं?” यात अपमान नाही. ऐकलेलंही सांगावं, फक्त ऐकलेलं आहे म्हणून सांगावं. पहिले दोन महिने लोकांना हे टोचलं. आता “ऐकीव हाय बरं का” असं आधीच म्हणून टाकतात आणि मोकळेपणानं सांगतात.

मोबाइलवर आलेला फॉरवर्ड वाचून दाखवायला आमच्याकडं बंदी आहे. त्यात काय होतं ते आपल्या शब्दांत सांगता आलं तर सांगा. नाही आलं तर ते तुम्हालाही कळलेलं नाही.

मोठ्या माणसाला शेवटी बोलू द्या

इथं माझी चूक सांगायला हवी. मी तीस वर्षं मास्तरकी केली. प्रत्येक प्रश्नाला शेवटी ‘तर मंडळी, याचा अर्थ असा’ म्हणायची खोड जिभेला लागलेली. सातव्या-आठव्या बैठकीला चार माणसं आली, पुढच्या वेळी दोन. मग एका पोरानं वाटेत गाठून सांगितलं, “गुरुजी, तुम्हाला उत्तर आधीच माहीत असतंय, मग आम्ही कामून यायचं?”

सरपंच, गुरुजी, डॉक्टर, बाहेरून आलेला साहेब, यांच्यातला जो कुणी आधी बोलतो, त्याच्यामागं बाकीच्यांची मान हलते. म्हणून सुरुवात सगळ्यांत कमी वजनाच्या माणसापासून करा. सालगडी असेल, नवी सून असेल, कॉलेजातलं पोरगं असेल. त्यांना “तुम्हाला काय वाटतं?” असं विचारू नका, माणूस लाजतो आणि “सगळे म्हणतात तेच” म्हणून मोकळा होतो. “तुमच्या तिकडं कसं करतात?” असं विचारा. आमच्यातली एक सून ऊसतोडीला सहा महिने बाहेर राहून आलेली. गावात टँकर सुरू झाल्यावर पाण्याचा हिशोब कसा ठेवायचा, यावर तिच्याकडं होतं तेवढं कुणाकडंच नव्हतं. तिला विचारायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

भांडण पेटलं तर

पेटणारच. ज्या बैठकीत कधीच वाद होत नाही, तिथं माणसं एकतर एका घरची असतात नाहीतर झोपलेली असतात. पैठणच्या एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला, त्यात दोघं एकमेकांच्या धर्मावर तुटून पडतात आणि शेवटी गळ्यात गळा घालतात. मला त्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की समोरचा काय मानतो हे दोघांनाही नीट ठाऊक आहे. म्हणून नियम एकच ठेवा: आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं बोलून दाखवायचं, मग खोडायचं. करून बघा. निम्मे वाद पहिल्या पायरीवरच गळतात, कारण ऐकण्यात चूक झालेली असते.

‘तुम्ही लोक’ हे शब्द मात्र चालू देऊ नका.

२०२३ मध्ये मराठा आरक्षणाचा विषय तापला तेव्हा आमची बैठक तीन महिने बंद होती. माणसांनी बसायच्या जागासुद्धा बदलल्या. विषयाला बंदी घालून काही झालं नाही, उलट तो कुजबुजीत गेला. बैठक पुन्हा जमली ती एका साध्या प्रश्नावर. निजामकाळातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधायच्या म्हणतात, तर त्या कागदांवरची मोडी आणि उर्दू आपल्या गावात कुणाला वाचता येते? मोडी कुणालाच येत नव्हती. उर्दूसाठी पंच्याऐंशीच्या घरातले एक आजोबा निघाले. १९४८ च्या पोलिस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, दोन-तीन इयत्ता उर्दूत शिकलेले. ज्यांना नोंद हवी होती ते आणि ज्यांचा त्या मागणीला विरोध होता ते, दोघंही आजोबांच्या दोन्ही बाजूंना बसून कागदावर बोट ठेवून विचारत होते, “हे काय लिहिलंय?” मतं कुणाची बदलली नाहीत. बैठक मात्र चालू झाली.

पहिला विषय नेहमी एकच: मागच्या वेळचं काय झालं?

बाकी सगळं विसरलात तरी हे सोडू नका. सल्ला देणारे ढिगानं मिळतात. सल्ला घेऊन, करून बघून, परत येऊन सांगणारा माणूस दुर्मीळ. बैठक वाचते ती त्याच्यामुळं.

घरचं सोयाबीन बियाणं वापरावं का, या प्रश्नावर आमच्याकडं उगवण तपासायचं ठरलं. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पोतं ओलं राखायचं, आठवडाभरात मोड मोजायचे. ७० च्या वर आले तर पेरा, कमी आले तर त्या हिशोबात बियाणं वाढवा, फारच कमी आले तर बियाणं बदला. पुढच्या बैठकीत अकरा जण आपापले आकडे घेऊन आले. सगळ्यांत उपयोगी पडला ज्याचे ४१ आले होते तो. त्यानं खाली मान घालून सांगितलं की मळणी करताना यंत्र जोरात चालवलं होतं आणि पोत्यांची थप्पी छताला टेकेपर्यंत लावली होती. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक असतं, मार बसला की उगवण जाते. त्या वर्षी तिघांनी मळणीला यंत्राचा वेग कमी करायला लावला.

फसलेलं सांगणाऱ्याला हसू देऊ नका. एकदा हसलात की पुढच्या वेळी सगळ्यांचं सगळं चांगलंच आलेलं असतं.

यासाठी एक वही लागते. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. डाव्या पानावर तारीख, प्रश्न, आणि कुणी काय करून बघायचं कबूल केलं. उजवं पान कोरं सोडायचं, पुढच्या वेळी भरायला. भाषणं लिहू नका, “साधकबाधक चर्चा झाली” हे तर अजिबात लिहू नका. उजवी पानं कोरीच राहायला लागली तर प्रश्न चुकताहेत असं समजा आणि एखादा महिना बैठकच घेऊ नका.

नवीन आलेल्यानं

पहिल्या वेळी ऐका, वही मागून मागची चार पानं वाचा. तुमचा प्रश्न आधीच होऊन गेलेला असू शकतो. बोलायचं असेल तर जे तुमच्याच रानात, दुकानात, घरात घडलं तेवढं सांगा, ते दुसरं कुणी सांगू शकत नाही. चहा सांगू नका, एकानं सांगितला की दुसऱ्याला सांगावाच लागतो आणि ज्याला परवडत नाही तो यायचा बंद होतो. आमच्याकडं माठ असतो.

तासाभरानं उठायचं. प्रश्न अर्धवट राहिला तर राहू द्या, लोक वाटेनं त्यावरच बोलत जातात.

आमची वही किराणा दुकानात काट्याच्या मागं खिळ्याला टांगलेली असते. कुणीही मागून बघतं. तिला पेन दोरीनं बांधलेलं आहे, कारण आधीची चार पेनं गेली.