क्लाउदिओ जेंतिलेचा बचाव कसा पाहावा

फुटबॉलचा सामना पाहताना आपली नजर चेंडूमागे धावते, आणि बचावपटूचे निम्मे काम चेंडू येण्याआधीच उरकलेले असल्यामुळे ते आपल्याला दिसतच नाही. इटलीच्या क्लाउदिओ जेंतिलेविषयी मत बनवायचे असेल, तर आधी ही सवय मोडावी लागते. १९५३ साली लिबियातील त्रिपोली येथे जन्मलेला आणि त्यामुळे लिबियाच्या हुकूमशहावरून ‘गद्दाफी’ या टोपणनावाने ओळखला गेलेला इटलीतील युव्हेंटस क्लबचा हा खेळाडू निव्वळ धसमुसळा होता, असे सर्रास म्हटले जाते. धसमुसळा तो होताच. पण तेवढ्यावर त्याची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते.

सुरुवात १९८२ च्या विश्वचषकात २९ जून रोजी बार्सिलोनातील सारिया मैदानावर झालेल्या इटली-अर्जेंटिना सामन्यापासून करावी. निवडक क्षणांची चित्रफीत न घेता पूर्ण सामना मिळवावा, कारण निवडक क्षणांत फक्त फाउल उरतात. पहिली पंधरा मिनिटे चेंडू कुठे आहे याची फिकीर न करता जेंतिले आणि अर्जेंटिनाचा दिएगो मॅराडोना या दोघांमधील अंतरावर लक्ष ठेवावे. चेंडू दुसऱ्या कोणाकडे असतानाही ते अंतर क्वचितच हातभरापेक्षा वाढते. मॅराडोनाकडे पास निघाला की जेंतिले त्याच्या पाठीला भिडलेला असतो, म्हणजे चेंडू मिळाला तरी गोलकडे तोंड करून वळायला जागा उरत नाही. मॅराडोनाचे खेळ आधी चित्रफितींवर पाहून आपण तयारी केली होती, असे जेंतिलेने पुढे सांगितले आहे, आणि ती तयारी या अंतरातच दिसते.

दुसऱ्यांदा पाहताना कागद-पेन्सिल घेऊन बसावे. त्या सामन्यात मॅराडोनावर २३ फाउल नोंदले गेले. प्रत्येक फाउल कोणी केला, चेंडू येण्यापूर्वी केला की चेंडू पायात असताना, आणि मैदानाच्या कोणत्या भागात, एवढे टिपून ठेवावे. सगळे खापर जेंतिलेवर फोडण्यापूर्वी ही नोंद फार उपयोगी पडते. त्याला त्या दिवशी पिवळे कार्ड मिळाले, पण तो शेवटपर्यंत मैदानावर राहिला. मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड दाखवण्याची सक्ती १९९८ च्या विश्वचषकापासून झाली, हे इथे विसरू नये. लहान मुलांना हा सामना दाखवणाऱ्या प्रशिक्षकांनी तर अंतर राखण्याची कला आणि मागून पाय घालण्याची खोड यांत आवर्जून फरक करून दाखवावा.

मधूनमधून नजर इटलीचाच बचावपटू गाएतानो शिरेया याच्याकडेही वळवावी. सर्वांच्या मागे मोकळा राहून तो चुका सावरत असे, म्हणूनच जेंतिलेला एकाच माणसाला चिकटून राहणे परवडत होते.

यानंतर ५ जुलैचा ब्राझीलविरुद्धचा सामना घ्यावा. इथे जेंतिलेकडे ब्राझीलच्या झिकोला रोखण्याचे काम होते, आणि ही पद्धत कुठे तुटते ते याच सामन्यात समजते. बाराव्या मिनिटाला झिको एका वळणात जेंतिलेला चकवतो, लगेच सहकारी सॉक्रेटिसला पुढे पास देतो आणि ब्राझील बरोबरी साधते. चिकटून राहणारा बचावपटू एकदा मागे पडला की त्याच्या पाठीमागे मोकळे रानच असते. हे दृश्य सावकाश, दोन-तीन वेळा पाहावे. पुढे पेनल्टी क्षेत्रात जेंतिलेच्या ओढण्याने झिकोचा सदरा फाटतो, तोही क्षण टाळू नये. त्याला कौशल्य म्हणायला माझे मन धजत नाही. याही सामन्यात पिवळे कार्ड मिळाल्यामुळे जेंतिले पोलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्याला मुकला.

शेवटी ११ जुलैचा माद्रिदमधील पश्चिम जर्मनीविरुद्धचा अंतिम सामना लावावा. ५७ व्या मिनिटाला पाओलो रोसीने केलेला इटलीचा पहिला गोल सर्वांच्या स्मरणात आहे. तिथे चित्रफीत थांबवून दहा सेकंद मागे न्यावी. ज्या क्रॉसवर रोसीने गोल केला, तो उजव्या बाजूने पुढे येऊन जेंतिलेने दिलेला आहे.